हाइमडाल, बिफ्रॉस्ट, गुंगनीर: नॉर्स नावांचा आरटीके संच. फिक्स टिकत नाही, बेस रोज सरकतो

आठपायी

सुटे भाग जोडून सेंटिमीटरच्या अचूकतेचा आरटीके संच (एका जागी ठेवलेल्या रिसीव्हरकडून दुरुस्त्या घेऊन उपग्रहांवरून जागा मोजणारा) तयार केला आहे. पेट्या बाहेरून एकसारख्या दिसतात, म्हणून ओळखायला प्रत्येकीला नॉर्स पुराणातलं नाव दिलं आहे.

हाइमडाल म्हणजे बेस, एका जागी उभा राहणारा रिसीव्हर: झेडईडी-एफ९पी हा उपग्रह रिसीव्हरचा बोर्ड, ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, ट्रायपॉडवर सर्व्हे अँटेना. बिफ्रॉस्ट (पुराणातला इंद्रधनुष्याचा पूल) म्हणजे करेक्शन, म्हणजे बेसच्या दुरुस्त्या, पोचवणारी लोरा रेडिओ मॉड्यूलची जोडी: एसएफ७ (स्प्रेडिंग फॅक्टर), बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग ४/५, पाठवणाऱ्या बाजूला ४०९६ बाइटचा रिंग बफर. गुंगनीर म्हणजे रोव्हर, मोजायला घेऊन फिरायचा रिसीव्हर: २ मीटरचा खांब, वर प्लॅस्टिकच्या डबीत चौकोनी पॅच अँटेना, दुसरा एफ९पी, ब्लूटूथने फोनला जोडलेला. मुनिन म्हणजे रोव्हरच्या पेटीतला एसडी कार्ड लॉगर.

बेसवर सर्व्हे-इन (बेसने आपली जागा आपणच ठरवणं) ३०० सेकंद, मर्यादा २ मीटर. करेक्शनमध्ये आरटीसीएम या ठरलेल्या स्वरूपातले संदेश: १००५ (बेसची जागा), १०७७, १०८७, १०९७, ११२७ (जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडूची मोजमापं) आणि १२३० (ग्लोनासची दुरुस्ती), सगळे दर सेकंदाला.

अडचणी अशा:

१. बेस सुरू केल्यावर पंधराएक सेकंदांत करेक्शनचं वय १ सेकंदावरून ६–७ सेकंदांवर जातं आणि तिथेच राहतं. फिक्स (सेंटिमीटरचं पक्कं उत्तर) येतो, जातो, पुन्हा फ्लोट (कच्चं उत्तर). बेसपासून ५० मीटरवर असो की ९०० मीटरवर, फरक नाही.

२. एकाच दिवशी एकच खिळा पुन्हा मोजला तर १–२ सेंटिमीटरमध्ये जुळतो. दुसऱ्या दिवशी बेस त्याच जागी उभा करून मोजला तर ७० सेंटिमीटर ते १.४ मीटर सरकलेला.

३. माहीत असलेल्या उंचीच्या खुणेशी तुलना केली तर उंचीत दोनेक मीटरचा फरक.

४. डोक्यावरच्या उपग्रहांचा सिग्नलही रोव्हरवर ३८–४० डीबी-हर्ट्झच्या (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद) वर जात नाही. बेसवर तेच उपग्रह ४८ दाखवतात.

रोव्हरच्या झाकणावर वेगविसिरचं (वाट दाखवणारं मानलेलं) चिन्ह कोरून त्यात तांब्याची पट्टी बसवायचा विचार आहे. त्याने काही बिघडेल का?

पायाखूण

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो बिघाड नाहीच. सर्व्हे-इनकडून तशीच अपेक्षा ठेवायची असते.

सर्व्हे-इनमध्ये रिसीव्हर स्वतःच्या साध्या, करेक्शनविना आलेल्या स्थानांची सरासरी काढतो. पाच मिनिटांत आयनोस्फिअरची चूक, उपग्रहांच्या कक्षेची चूक, घड्याळाची चूक जवळजवळ तशीच राहते. सरासरीने फक्त थरथर कमी होते, एका बाजूला झालेली ओढ जात नाही. स्क्रीनवर दिसणारा ‘अचूकता ०.८ मीटर’ हा आकडा त्या थरथरीचा आहे, खऱ्या चुकीचा नाही. आरटीके रोव्हरला बेसपासूनचा सदिश मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये देतं, त्यामुळे बेस जितका चुकला तितकाच आणि त्याच दिशेला रोव्हरही चुकतो. एका दिवसातलं काम म्हणून आपसांत जुळतं आणि दोन दिवसांचं जुळत नाही.

उपाय: जागेवर कायमची खूण करा आणि तिचे कोऑर्डिनेट एकदाच नीट काढा. एफ९पीवर आरएक्सएम-रॉएक्स (कच्ची मोजमापं) आणि आरएक्सएम-एसएफआरबीएक्स (उपग्रहांनी पाठवलेली माहिती) हे दोन संदेश चालू करून सलग २४ तास लॉग घ्या. आरटीकेलिब सॉफ्टवेअरच्या आरटीकेकॉन्व्हने त्याचा रायनेक्स (कच्च्या मोजमापांचं सर्वमान्य फाइलस्वरूप) करा, ३० सेकंदांच्या अंतराने विरळ करा आणि नॅचरल रिसोर्सेस कॅनडाच्या सीएसआरएस-पीपीपी या अचूक स्थान काढून देणाऱ्या सेवेला पाठवा. सेवा मोफत आहे, नोंदणी लागते. लगेच पाठवलं तर उत्तर उपग्रहांच्या घाईने काढलेल्या कक्षांवर येतं. दुसऱ्या दिवशी पाठवलं तर रॅपिड कक्षा मिळतात, आणि या कामाला त्या पुरतात. अंतिम कक्षांसाठी दोनेक आठवडे थांबायची गरज नाही.

रायनेक्सच्या शीर्षकात अँटेनाचं आयजीएस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीतलं नाव अक्षरशः बरोबर हवं. एकूण वीस रकाने असतात, शेवटचे चार रेडोमच्या (अँटेनावरच्या टोपीच्या) कोडचे. नाव बरोबर असेल तर पीपीपी अँटेनाच्या तळाच्या संदर्भबिंदूचे किंवा, उंची भरली असेल तर, खुणेचे कोऑर्डिनेट देतं. नाव चुकलं किंवा रिकामं राहिलं तर जे येतं ते फेज सेंटरचं (सिग्नल प्रत्यक्षात जिथे पकडला जातो त्या बिंदूचं), आणि ते तळापासून काही सेंटिमीटर वर असतं. पुढे कोणी ‘अँटेनाची उंची’ म्हणून तीच पुन्हा वजा करतो आणि मग सगळ्या कामात ४–६ सेंटिमीटरची एकसारखी उभी चूक शिरते. ती कुठून आली ते कोणाला सापडत नाही.

कोऑर्डिनेट एफ९पीमध्ये भरताना टीमोड३ ही सेटिंग फिक्स्ड (जागा ठरलेली) करा. अक्षांश-रेखांशाचं मुख्य खानं अंशाच्या एक कोटीव्या भागापर्यंतच जातं, म्हणजे जमिनीवर सुमारे १.१ सेंटिमीटर. त्याखालचे आकडे वेगळ्या हाय-प्रिसिजन खान्यात जातात. ते शून्य ठेवलं तर सेंटिमीटरभर चूक तुम्ही स्वतःच्या हाताने घातलीत. शेवटी फ्लॅशमध्ये सेव्ह करा, नाहीतर वीज गेली की बेस निमूटपणे जुन्या सर्व्हे-इनवर परत येतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आता डेटम, म्हणजे कोऑर्डिनेट ज्या चौकटीत मोजतात ती. पीपीपीचं उत्तर आयटीआरएफ या जागतिक चौकटीत आणि मोजणीच्या तारखेला येतं. देशाच्या नकाशांचा डेटम बहुतेक वेळा एखाद्या जुन्या वर्षाला बांधलेला असतो आणि भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकत असतात. वीस-तीस वर्षांत ही रक्कम मीटरच्या घरात जाते. जुन्या नकाशाशी जुळवायचं असेल तर रूपांतर करा, किंवा तीन-चार ज्ञात खुणा मोजून स्थानिक जुळणी करा.

तिसरा मुद्दा थोडक्यात. रिसीव्हरच्या जीजीए या स्थान सांगणाऱ्या ओळीत येणारी ‘समुद्रसपाटीपासूनची उंची’ त्याच्या पोटातल्या ढोबळ जिओइड (समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) तक्त्यावरून काढलेली असते. त्या ओळीतली उंची आणि जिओइडचं अंतर या दोन्ही खान्यांची बेरीज करा, म्हणजे एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) उंची मिळते. तिच्यातून तुमच्या भागाच्या जिओइड मॉडेलचा आकडा वजा करा. जगभरात हे अंतर साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटर असतं, तेव्हा ‘थोडाफार फरक असेल’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. सर्व्हे-इनमुळे बेसची उंचीही चुकलेली आहे. आधी बेस दुरुस्त करा, मग उरलेला फरक पाहा.

बिटबाइट

पहिला मुद्दा निव्वळ अंकगणित आहे. पुलावर मावत नाही इतकं ओझं टाकलं आहे.

समजा आकाशात ९ जीपीएस, ७ ग्लोनास, ८ गॅलिलिओ, १० बायडू असे ३४ उपग्रह आहेत आणि प्रत्येकाचे दोन सिग्नल. एमएसएम७ प्रकारात (म्हणजे तुमचे १०७७, १०८७, १०९७, ११२७) प्रत्येक संदेशाला १६९ बिटचं शीर्षक, प्रत्येक उपग्रहाला ३६ बिट, प्रत्येक सिग्नलला ८० बिट आणि मास्कचा एकेक बिट लागतो. वर चौकटीचे ६ बाइट. एकूण सुमारे ९५० बाइट, दर सेकंदाला.

एसएफ७, १२५ किलोहर्ट्झवर २५५ बाइटचं पूर्ण पॅकेट हवेत ४०० मिलिसेकंद घेतं. म्हणजे सतत प्रक्षेपण केलं तरी सेकंदाला ६३८ बाइटच जातात. आत ९५०, बाहेर ६३८. दर सेकंदाला ३१२ बाइट साचतात आणि ४०९६ चा बफर तेरा सेकंदांत भरतो. भरलेल्या बफरमधून बाहेर पडायला बाइटला ४०९६ भागिले ६३८, म्हणजे ६.४ सेकंद लागतात. तुमचे ‘पंधराएक सेकंद’ आणि ‘६–७ सेकंद’ हेच.

सहा सेकंदांचं वय एकट्याने फिक्स घालवत नाही. एफ९पी मुळात ६० सेकंदांपर्यंतची करेक्शन स्वीकारतो. फिक्स जातो तो बफर ओसंडताना संदेश मधूनच तुटतात म्हणून. आरटीसीएममध्ये संदेशाच्या शेवटी २४ बिटचा सीआरसी (चूक ओळखणारा पडताळा) असतो. एक बाइट गेला की पूर्ण संदेश बाद. कधी जीपीएस जातं, कधी गॅलिलिओ, आणि १००५ गेला तर रोव्हरला बेस कुठे आहे हेच कळत नाही.

एमएसएम७ सोडून एमएसएम४ घ्या, म्हणजे १०७४, १०८४, १०९४, ११२४. उपग्रहाला १८ बिट आणि सिग्नलला ४८ बिट लागतात, ओझं सुमारे ६०० बाइटवर येतं. एमएसएम७ मध्ये जास्त बारीक फेज आणि डॉप्लर असतो, पण काही किलोमीटरच्या आरटीकेला त्याची उणीव भासत नाही. १००५ आणि १२३० दर दहा सेकंदांनी पुरे. १००५ तर जेमतेम २५ बाइटचा आहे.

पण एवढ्यावर भागत नाही. हे चार एमएसएम४ संदेश चार वेगळ्या पॅकेटमध्ये पाठवले तर १२५ किलोहर्ट्झवर ९८४ मिलिसेकंद जातात. श्वास घ्यायला जागा नाही. बँडविड्थ २५० केली तर ४९२, ५०० केली तर २४६. दर दुपटीला संवेदनशीलता ३ डीबीने घटते. १२५ वरून ५०० म्हणजे ६ डीबी, मोकळ्या दृष्टिरेषेत पल्ला साधारण निम्मा. ९०० मीटरसाठी मी २५० निवडेन आणि करेक्शन दर दोन सेकंदांनी पाठवेन. चालणाऱ्या माणसाच्या खांबाला ते भरपूर आहे. मात्र ज्या त्या देशात त्या बँडवर किती टक्के वेळ प्रक्षेपण चालतं ते आधी पाहा. काही ठिकाणी मर्यादा एक टक्का आहे आणि तिथे लोराने दर सेकंदाचं आरटीके नियमात बसत नाही. तेव्हा एनट्रिप, म्हणजे करेक्शन इंटरनेटवरून.

पॅकेट कुठे तोडता यालाही महत्त्व आहे. २५५ बाइट झाले की तोडलं, असं केलं तर एका हरवलेल्या पॅकेटने दोन संदेश मरतात. आरटीसीएमचा संदेश ०xडी३ या बाइटने सुरू होतो आणि पुढे दहा बिटमध्ये त्याची लांबी असते. ती वाचून एका पॅकेटात एकच पूर्ण संदेश भरा. दोन सिग्नलच्या एमएसएम४ मध्ये १५ उपग्रहांपर्यंत संदेश २५५ बाइटमध्ये मावतो. एमएसएम७ मध्ये नऊच मावतात.

आता एक खोडी, जी सहसा कोणी सांगत नाही. ओझं कमी करायला ईएसपी३२ मध्ये बायडूचे संदेश गाळून टाकावेत असा मोह होतो. करू नका. प्रत्येक एमएसएम संदेशात ‘याच क्षणाचे आणखी संदेश येणार आहेत’ असं सांगणारा बिट असतो आणि तो फक्त शेवटच्या संदेशात शून्य होतो. तुम्ही शेवटचाच गाळला तर रोव्हर पुढचा संदेश येईपर्यंत थांबून राहतो आणि एक ठोका मागे पडतो. नको ती प्रणाली बेसच्या एफ९पीवरच बंद करा.

नाव मात्र नेमकं आहे. बिफ्रॉस्ट शेवटी तुटतोच, ओझ्यानेच तुटतो.

बुडबुडा

चौथा मुद्दा अँटेनाखाली धातूची पाटी नसल्याचा आहे. पॅच अँटेना धातूच्या पाटीवर बसवायची म्हणूनच बनवलेली असते. प्लॅस्टिकच्या डबीत ती अर्धी आंधळी होते आणि जमिनीवरून उसळलेला सिग्नलही खालून घेते. किमान १० सेंटिमीटर व्यासाची गोल पाटी, १ मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा पोलाद, अँटेना बरोबर मध्यभागी. १५ सेंटिमीटर घेतली तर आणखी बरं. पाटी नको असेल तर हेलिकल अँटेना घ्या, तिला पाटी लागत नाही आणि खांबावर वजनही कमी पडतं. पण बेसवर सर्व्हे अँटेनाच राहू द्या.

डोक्यावरच्या उपग्रहाला एल१ या फ्रिक्वेन्सीवर ४५ ते ५० यायला हवं, दुसऱ्या, एल२ वर काही डीबी खाली. पाटी बसवूनही ४० च्या खाली असेल तर केबल आणि गोंगाट तपासा. आरजी१७४ सारखी बारीक केबल दीड गिगाहर्ट्झला मीटरमागे एक डीबीहून थोडं जास्त खाते. दोन मीटर चालेल, दहा मीटर नाही. गोंगाटाची चाचणी सोपी आहे: लोरा बंद, ईएसपी३२ चा वाय-फाय बंद, एकेक करून चालू करा आणि आकडा कधी पडतो ते बघा. लोराचा अँटेना जीएनएसएस (उपग्रहांच्या) अँटेनापासून मीटरभर लांब हवा. ईएसपी३२ आणि व्होल्टेज कन्व्हर्टर पाटीच्या खाली, वर कधीच नाही. यूएसबी ३ ची केबल अँटेनाच्या शेजारून नेऊ नका.

खांबाचा बुडबुडा लोक गृहीत धरतात. २ मीटरच्या खांबाला १ अंश कल म्हणजे टोक ३.५ सेंटिमीटर बाजूला. उंचीत मात्र त्याने ०.३ मिलिमीटरचाच फरक पडतो, म्हणून उंची जुळते आणि आडवं जुळत नाही. ४० मिनिटांचा (कोनाची मिनिटं, अंशाचा साठावा भाग) स्वस्त गोल बुडबुडा म्हणजे २३ मिलिमीटर, १० मिनिटांचा म्हणजे ६ मिलिमीटर. तपासायला टोक खिळ्यावर ठेवा, बुडबुडा मध्यात आणा, खांब जागच्या जागी १८० अंश फिरवा. बुडबुडा सरकला तर त्या सरकण्याचा निम्मा भाग बुडबुड्याच्या स्क्रूंनी काढा, उरलेला खांब हलवून, आणि पुन्हा फिरवा. बायपॉड नसेल तर कितीही चांगला रिसीव्हर घ्या, हात थरथरतोच.

रोव्हर आणि बेसच्या अँटेना एकाच मॉडेलच्या असतील तर दोन्हींवरची खूण उत्तरेकडे ठेवा. फेज सेंटरचं आडवं सरकणं दोन्हीकडे सारखं येतं आणि वजा होऊन जातं. तुमच्याकडे दोन वेगळ्या जाती आहेत, तेव्हा उभा फरक राहणारच. एका ज्ञात खुणेवर तो मोजा आणि खांबाच्या उंचीत मिळवा.

तांब्याची पट्टी नको. अँटेनाच्या वर धातू चालत नाही, धातूकण असलेला रंग नाही, चंदेरी स्टिकर नाही, कार्बन फायबरही नाही, कारण तो वीजवाहक आहे. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचं दोन-तीन मिलिमीटर झाकण, त्यावर नुसतं कोरलेलं चिन्ह, इतपत ठीक. खोल खाचांत पाणी साचू नये एवढं बघा.

रूनवाचक

चिन्ह कोरणारच असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. वेगविसिर व्हायकिंगांचा नाही. तो १८६० साली आइसलँडमध्ये लिहिलेल्या हुल्ड नावाच्या हस्तलिखितात भेटतो, म्हणजे नॉर्स देवांची पूजा थांबून आठेक शतकं उलटल्यावर. ‘हे चिन्ह जवळ असेल तर वादळातही वाट चुकत नाही’ असा त्याचा अर्थ तिथे दिला आहे, त्यामुळे रिसीव्हरवर शोभतं खरं, पण नॉर्स पुराणातलं म्हणून कोरू नका. तुमच्या संचात खरोखरचा नॉर्स वारसा दुसरीकडेच आहे: ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाचं, हॅराल्डचं, आणि त्याचं चिन्ह त्याच्या आद्याक्षरांचे दोन रून एकत्र जोडून केलेलं.

बाकीची नावं विचारपूर्वक दिलेली दिसतात. हाइमडाल देवांचा पहारेकरी, पक्ष्याहून कमी झोपतो, रात्री-दिवसा शंभर कोस बघतो, गवत उगवल्याचंही त्याला ऐकू येतं. बेसचं काम नेमकं हेच, एका जागी बसून ऐकत राहायचं. गुंगनीर हा देवांचा राजा ओडिन याचा न चुकणारा भाला, खांबाला याहून चांगलं नाव नाही. म्योल्नीर हे थॉरच्या हातोड्याचं नाव मात्र चुकूनही देऊ नका. घडवताना कपटी लोकी माशी होऊन कारागिराच्या पापणीला चावला, म्हणून त्या हातोड्याचा दांडा आखूड राहिला. खांबाची उंची चुकीची भरणाऱ्यांसाठी राखून ठेवा.

मुनिन म्हणजे स्मृती, हुगिन म्हणजे विचार. दोन्ही कावळे रोज जगभर उडून परत येतात. हुगिन परत येणार नाही याची धास्ती आहे, पण मुनिनची त्याहून जास्त, असं ओडिनच्या तोंडी एक कडवं आहे. लॉगरला मुनिन म्हणणारा माणूस कच्च्या डेटाची किंमत ओळखून असतो.

आठपायी

एमएसएम४, २५० किलोहर्ट्झ आणि दोन सेकंद असं बदललं. करेक्शनचं वय १ ते ३ सेकंदांत राहतं. पाटीही बसवली, डोक्यावरचे उपग्रह ४७ दाखवतात. बेसचा २४ तासांचा लॉग चालू आहे.

दोन प्रश्न उरले. मुनिनच्या फाइलमध्ये मधूनच सेकंद-दोन सेकंदांच्या फटी आहेत. सेकंदाला पाच नोंदी (५ हर्ट्झ), सिरीयल जोडणीचा वेग ११५२०० बॉड. आणि रोव्हर पुढे एका चाकांच्या गाडीवर बसवायचा आहे, तिचं नाव स्लाइपनीर (ओडिनचा आठ पायांचा घोडा). गाडी उभी असताना तिचं तोंड कुठे आहे ते कळायला हवं.

बिटबाइट

फटींचंही अंकगणितच. रॉएक्स संदेश म्हणजे १६ बाइट अधिक प्रत्येक मोजमापाला ३२ बाइट, वर चौकटीचे ८. ६८ मोजमापांना २२०० बाइट. पाच हर्ट्झला ११,००० बाइट सेकंदाला. ११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, आणि त्यातच एसएफआरबीएक्स आणि एनएमईए (जीजीएसारख्या मजकुराच्या ओळी) घुसतात. ४६०८०० करा. पीपीकेसाठी (लॉगवरून नंतर जागा काढण्यासाठी) पाच हर्ट्झ कशाला हा वेगळा प्रश्न. खांबाला १ हर्ट्झ पुरतो, चोवीस तासांना १९० एमबी होतात.

दुसरं कारण एसडी कार्ड. कार्ड अधूनमधून आतली आवराआवर करताना शेकडो मिलिसेकंद लिहिणं थांबवतं. ईएसपी३२ मध्ये लिहिण्याचं काम वेगळ्या टास्कला द्या आणि निदान १६ केबीचा बफर ठेवा. फाइल दर दहा-वीस सेकंदांनी फ्लश करा, नाहीतर बॅटरी सुटली की फाइल शून्य बाइटची.

लॉग सलग असेल तर बिफ्रॉस्ट तुटला तरी काम वाया जात नाही. बेस आणि रोव्हर दोघांचे रायनेक्स आरटीकेलिबच्या आरटीकेपोस्टमध्ये टाका, शक्यतो डेमो५ आवृत्तीत. एल१ अधिक एल२, क्षितिजापासून उपग्रहाच्या उंचीची मर्यादा १५ अंश, फिल्टर पुढून आणि मागून एकत्र, गुणोत्तराचा उंबरठा ३. झाडाखालची जी जागा थेट मोजताना फ्लोट राहते ती नंतर अशी चालवल्यावर बऱ्याचदा फिक्स होते. पण इग्द्रासिल या विश्ववृक्षाच्याच खाली उभे राहाल तर कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. ओली पानं सिग्नल खातात.

पायाखूण

एक डोळा दिलेल्या ओडिनसारखीच एका अँटेनाची गत. चालताना दिशा कळते, उभं राहिल्यावर नाही. दोन एफ९पी आणि मूव्हिंग बेस (बेसही चालता असतो अशी जोडणी) लागेल.

दोन्ही रिसीव्हरचे यूएआरटी२ (दुसरे सिरीयल पोर्ट) एकमेकांना जोडा, ४६०८०० बॉड. पहिल्याकडून दुसऱ्याकडे एमएसएम संदेश, १२३० आणि ४०७२.० (चालत्या बेसची जागा) पाठवा. ४०७२.० शिवाय दुसरा रिसीव्हर पहिल्याला स्थिर बेस समजतो. उत्तर रेलपॉसनेड या सापेक्ष स्थानाच्या संदेशात येतं, आणि ते पहिल्या अँटेनाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सदिशाचं असतं. गाडीच्या मागे पहिली आणि पुढे दुसरी ठेवली तर थेट गाडीचं तोंड मिळतं. आडव्या बसवल्या तर ९० अंश मिळवायचे की वजा करायचे ते एकदा होकायंत्राने पडताळा. चिन्हाची चूक इथे फार होते. १ मीटर अंतराला ०.४ अंश ही उत्पादकाची संख्या. अंतर दुप्पट केलं की साधारण निम्मी. दोन्ही अँटेना एकाच जातीच्या, दोन्हींचा कनेक्टर एकाच बाजूला, दोन्हींखाली सारखी पाटी.

रेलपॉसनेडमधली लांबी सतत तपासत राहा. अँटेनांमधलं खरं अंतर टेपने मोजलेलं असतं. १.००० मीटरऐवजी १.१८ दिसलं की फिक्स खोटा आहे, दिशा फेकून द्या. एल१ ची तरंगलांबी १९ सेंटिमीटर, पूर्णांक एकाने चुकला की अशीच उडी दिसते. खांबावर ही सोय नाही, म्हणून तिथे खोटा फिक्स पकडायला अँटेना उलटी धरून फिक्स मुद्दाम घालवा, नव्याने येऊ द्या, पुन्हा मोजा. महत्त्वाच्या बिंदूवर वीसेक मिनिटांनी परत या, तोवर उपग्रह हललेले असतात. पत्र्याच्या छपराजवळ, भिंतीलगत हा लोकी हमखास भेटतो, आणि फोनवर तो ‘फिक्स’ असंच लिहून दाखवतो.

चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतरचे काही तास आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात सौरवादळाच्या रात्री फिक्स वारंवार तुटतो. तेव्हा सेटिंग बदलत बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा.

रूनवाचक

नावांबद्दल आणखी एक, आता खरोखर कामाचं. पुढे एनट्रिपवर गेलात तर माउंटपॉइंटमध्ये (तिथे तुमच्या बेसला दिलेल्या नावात) बिफ्रॉस्टचं दोन टिंबांचं ‘ओ’ किंवा आइसलँडी अक्षरं घालू नका. साधी रोमन अक्षरं आणि आकडे, मध्ये जागा नाही. एकच अक्षर दोन बाइटांत जातं, काही रोव्हर ते नाव ओळखत नाहीत आणि पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न करत राहतात. मोफत कॅस्टर (एनट्रिपचे सर्व्हर) असे आयपी बंद करतात. ब्लूटूथच्या नावाचं आणि फाइलच्या नावाचंही तसंच.

जुन्या रायनेक्स २ च्या फाइलनावात स्थानकाला चारच अक्षरं असतात. हाइमडाल, गुंगनीर, मुनिन, स्लाइपनीर यांची पहिली चार रोमन अक्षरं वेगळी आहेत, तोवर ठीक. पुढे एखाद्या पेटीला मुस्पेल म्हणाल तर चालेल, पण मुनिनची जोडी म्हणून ‘मुनिन२’ ठेवलंत तर दोघांच्या फाइली एकाच नावाने एकमेकींवर लिहिल्या जातील. दुसऱ्या लॉगरला हुगिन म्हणा.

केबलला नाव दिलेलं दिसत नाही. रताटोस्क द्या. तीच ती कळलावी खार, झाडाच्या शेंड्यावरच्या गरुडाचं बोलणं मुळाशी असलेल्या सापाला आणि सापाचं गरुडाला पोचवत दिवसभर वरखाली पळते. टीएक्स (पाठवणारी तार) आणि आरएक्स (घेणारी तार) उलटे जोडले की तीसुद्धा गप्प बसते.